बांधावरची अंडी

महाळुंगे पडवळ
१६ नोव्हेंबर २०२३

अमृतदादा,

काल भाऊबीज झाली. पाट मांडला, रांगोळी काढली, तबक तयार ठेवलं आणि मी मूर्खासारखी दुपारी दोनपर्यंत उपाशी बसले. यायचं नव्हतं तर तसा निरोप धाडायचास. माझा नंबर तू ब्लॉक केलास, ते ठीक. पण सोपान रोज मंचरला मेथी-कोथिंबीर घेऊन जातो, तुझ्या दुकानावरूनच जातो. त्याला ‘येत नाय’ एवढं सांगायला काय पैसे पडत होते?

ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे, मोटारसायकलवर वीस मिनिटांच्या अंतरावर आहे, म्हणून मला चंद्राचीही सोय नाही. तबक देव्हाऱ्यासमोर ठेवलं आणि जेवून घेतलं.

आण्णांनी एकदाच विचारलं, “आला न्हाई का गं?”

“दुकानात गर्दी असेल,” मी म्हटलं.

“आसंल, आसंल,” म्हणाले आणि मागच्या पडवीत जाऊन पडले. हो, आता ते मागच्या पडवीत झोपतात. पुढच्या ओट्यावरची खाट त्यांनी स्वतः ओढत मागं नेली. तिथून गोठ्याची भिंत दिसते, दुसरं काही दिसत नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात शिवाराकडे पाठ केली नाही, तो आता भिंतीकडे तोंड करून पडतो. हे तू केलंस, दादा. नीट वाच, तू केलंस.

तुला विसर पडला असेल तर आठवण करून देते. ऑगस्टमध्ये मारुतीच्या पारावर, पंधरा माणसांसमोर तू बापाला म्हणालास, “ह्यांच्या टिटवीनं माझं वावर खाल्लं. चाळीस वर्सं गावाला येड्यात काढलं ह्या म्हाताऱ्यानं.” लोक हसले. सोपाननं मला सांगितलं, आण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि घरी आले.

चाळीस वर्षं, दादा. उन्हाळ्यात टिटवीनं सखल जागी अंडी घातली तर पाऊस कमी, बांधावर उंच घातली तर पाऊस जास्त. हे काय आण्णांनी शोधून काढलेलं नाही, पण त्यांच्याइतकं निरखून बघणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. लोक त्यांना थट्टेनं आणि मायेनं ‘वेधशाळा’ म्हणायचे. त्यांना विचारल्याशिवाय निम्मं गाव लागण करत नव्हतं. यंदा अंडी बांधावर दिसली. आण्णा म्हणाले पाणी लई, खालचं वावर बुडेल, टोमॅटो वर माळाला लाव. तू वर लावलास. जून कोरडा गेला, बोअर आटलं, रोपांनी माना टाकल्या. खाली विहिरीला पाणी होतं आणि वावर मोकळं पडलेलं. त्यात नेमका त्याच जुलैत टोमॅटोला असा भाव आला की आजूबाजूच्या गावांत लोकांनी पेढे वाटले. तुझी जळजळ मला कळत नाही असं नाही.

पण चाळीस वर्षांत एकदा चुकलं तर बापाला असं उघड्यावर आणायचं? आणि मग बायको-पोरीला घेऊन मंचरला भाड्याच्या खोलीत जाऊन ठिबकच्या नळ्या विकत बसायचं? एवढा कसला ताठा?

ये म्हणून विनवण्या करत नाही. आलास तर आण्णांसाठी ये.

वृषाली


१५ जानेवारी २०२४

दादा,

सोबत तिळाच्या वड्या पाठवते आहे. गोड बोलण्याची सक्ती नाही, तुला ते जमणारही नाही. वहिनीला आणि समृद्धीला दे.

तुझा निरोप सोपाननं पोचवला, तोंडातल्या तोंडात हसत. “अमृतभाऊ म्हनले, तिला म्हनावं तू फोटू काढ, शेती आमी बगू.” शेती तुम्ही बघता आहात ते दिसतंच आहे. खालच्या वावरात काँग्रेस गवत कमरेएवढं वाढलंय.

पण फोटोचं बोललास म्हणून सांगते, कारण तू कधी विचारलं नाहीस. तीन वर्षांपूर्वी मी पुण्यातलं घर मोडून, नवऱ्याशी फारकत घेऊन इथं आले, तेव्हा तू म्हणालास, “ऱ्हा की, घर तुजंच हाय.” चांगलं बोललास, ते मी विसरले नाही. पण मला काय झालं होतं ते तुला माहीत नव्हतं. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारी मी, अकरा वर्षं तेच खाल्लं-प्यायलं, आणि हात चालेना. कागद पुढं घेऊन बसायचं, चिमणी काढायची, तर चिमणीसुद्धा दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलल्यासारखी यायची. प्रकाशक फोन करायचे आणि मी उचलत नव्हते.

आण्णांनी ते बघितलं. काही विचारलं नाही. एके दिवशी सकाळी म्हैस पिळून झाल्यावर म्हणाले, “चल, जरा बांधानं हिंडून यिऊ.” मग रोजच निघालो. मी पुण्याहून आणलेला जुना कॅमेरा गळ्यात अडकवला, नुसताच, हातांना काहीतरी हवं म्हणून. ते म्हणायचे, “आदी डोळं वापर, मग त्यो डबा लाव.” कोतवाल म्हशीच्या पाठीवर बसतो तो आळशी म्हणून नाही, तिच्या पायांनी उडणारे किडे टिपायला. सुगरण ओढ्यावरच्या बाभळीला घरटं टांगते, कारण खाली पाणी असलं की साप वर यायला कचरतो. पाखराच्या आणि घरट्याच्या मध्ये कधी उभं राहायचं नाही. घरटं दिसलं की बोट दाखवायचं नाही, मान फिरवून पुढं चालायचं, आणि एकदा अंडी दिसली की महिनाभर तिकडं फिरकायचंसुद्धा नाही. नांगरताना टिटवीची अंडी आली तर आण्णा ट्रॅक्टरवाल्याला तेवढा तुकडा सोडायला लावायचे, आठवतं ना तुला? तू चिडायचास.

दादा, चार महिन्यांत माझा हात सुटला. सकाळी पाहिलेलं दुपारी कागदावर यायला लागलं, आणि माझं म्हणून यायला लागलं. मला जे सुचलं ते आण्णांच्या पायांनी सुचलं. आपल्या शिवारातल्या पाखरांचं पुस्तक होतंय माझं, चोवीस चित्रांचं. पुण्याच्या प्रकाशकांनी घेतलंय. मुखपृष्ठावर चित्र नाही, माझा फोटो आहे: बांधावर चार अंडी, त्यांच्यापाशी उभी टिटवी आणि मागं उगवता सूर्य. प्रकाशक म्हणाले, असा फोटो नशिबानं मिळतो.

आता आण्णा हिंडत नाहीत. मी एकटी जाते, कॅमेरा लावते, आणि घरी येऊन बघते तर काहीच हाताला लागलेलं नसतं. यातही तुझा वाटा आहे.

आणि हो, सोपाननं तुला मोबाइलवर दाखवलेला तो टिटवीचा फोटो मी कुठल्या दिवशी काढला, आण्णांनी अंडी बघितली त्याच्या आधी की नंतर, असं तू त्याला विचारलंस म्हणे. तुला काय करायचंय? फोटो तो फोटो. पोलिसाच्या चौकश्या करण्यापेक्षा एकदा घरी येऊन बापाचं तोंड बघ.

वृषाली


२ एप्रिल २०२४

दादा,

या पत्रात तुला शिव्या नाहीत, घाबरू नकोस.

काल कुरिअरनं पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा नमुना आला. मोठा, चकचकीत. मला राहवलं नाही, आण्णांना दाखवायला मागच्या पडवीत घेऊन गेले. म्हटलं, या निमित्तानं तरी माणूस भिंतीवरून नजर काढेल.

त्यांनी चष्मा लावला. कागद उजेडाकडे धरला. मला वाटलं सूर्य बघत असतील, किंवा माझं नाव. मग बोट कागदावर न टेकवता, जरा वर धरून म्हणाले, “अंड्यांची टोकं भायेर हायेत.”

“म्हणजे?”

“टिटवी टोकं आत घालती, पोरी. चारी टोकं मदी मिळत्यात. वारं लागंना, घरंगळंना म्हनून. ही कशीबी पडल्यात.” परत बघितलं. “आन् खडं कुटं हायेत? ती बारकं खडं येचून आनती, भवती मांडती. हितं नुसता धोंडा हाय.”

कागद त्यांनी माझ्या हातात दिला. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मला वाटलं आता विचारतील. ते म्हणाले, “पाखरूच बिगडलंय मंग. त्याला तरी काय म्हनावं. हवा बिगडली, पानी बिगडलं, त्येचीबी अक्कल गेली. त्येच्या जीवावर मी गावाला सांगत बसलो. अमृत बोलला त्ये खोटं न्हवतं.”

दादा, त्यांच्या मनात माझं नावसुद्धा आलं नाही. ज्या पाखरावर चाळीस वर्षं भरवसा टाकला, त्याला वेड लागलं असं मानायला ते तयार झाले. तू शहाणा ठरलास. त्यांच्या पुढ्यात कागद घेऊन मी उभी होते, आणि माझ्यावर त्यांनी संशय घेतला नाही.

मला आता पुढचं लिहिता येत नाही. सोपान उद्या जात नाही, त्याच्या पुतणीचा साखरपुडा आहे. परवा पाठवेन, किंवा पाठवणार नाही.


५ एप्रिल

तेच पत्र पुढं लिहिते आहे. वर सगळं अर्धंच सांगितलंय, ते तुझ्या ध्यानात आलंच असेल. तू जानेवारीतच हेरलं होतंस, म्हणून तर तारीख विचारलीस.

टिटवीची अंडी बांधावर नव्हती. ती खाली होती, ओढ्याकडेच्या पट्टीत, एका उथळ खळग्यात. बारीक खडे मांडलेले, चारी टोकं आत. आण्णा सांगतात तशीच. मे महिन्याची पाच तारीख, सकाळ. मी एकटी होते. आदल्या संध्याकाळी आण्णांचा गुडघा दुखत होता म्हणून ते आले नव्हते.

मागं तू टाकलेला फाटका मल्चिंगचा कागद होता, ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी होती. कुठूनही बसलं तरी फोटोत कचरा येत होता. वर बांधावर दगडांचा ढीग, आणि त्याच्यामागं नुसतं आभाळ. सूर्य उगवायला दहा मिनिटं असतील. प्रकाशक महिनाभर माझ्या मागं लागले होते, मुखपृष्ठाला काहीतरी जबरदस्त द्या म्हणून.

मी अंडी ओढणीत घेतली. कोमट होती. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती, मला लाज वाटत होती आणि मी चालत होते. दगडांवर मांडली, लांब जाऊन पोटावर झोपले. बऱ्याच वेळानं ती आली. अंड्यांवर बसली नाही, जवळ उभी राहिली आणि ओरडली. प्रकाशकांना तो फोटो रखवालीचा वाटला. ती मला शिव्या देत होती.

लगेच परत ठेवणार होते. देवाशपथ ठेवणार होते. पण फोटो बघितला आणि वाटलं, संध्याकाळच्या उजेडात आणखी एक घ्यावा. दुपारभर अंडी तिथंच राहू दिली. आणि संध्याकाळी माझ्या आधी आण्णा वैरणीला म्हणून तिकडं गेले.

परत आले ते लंगडायचं विसरून. “वृषाले, चल, तुला गंमत दावतो.” मला लांबूनच दाखवलं, बोट न करता, हनुवटीनं. “बांदावर! एवढ्या उंचावर आजवर बगितली न्हवती. यंदा आभाळ फाटतंय बग.” मी तोंडावर हात ठेवून “अय्या” म्हणाले. मला अजून तो माझा आवाज ऐकू येतो. दहा पावलांवर, खाली, तो रिकामा खळगा दिसत होता. आण्णांची नजर वर होती.

तिथं मी बोलायला हवं होतं. का बोलले नाही? तुला वाटेल भीती. भीती होतीच, पण खरं सांगते, मला त्यांचा आनंद आवडला. आणि फोटोचाही मोह होता. बोलले असते तर फोटो खोटा ठरला असता, आणि तो मला गेल्या पाच वर्षांतला सगळ्यात चांगला वाटत होता. अंधार पडायच्या आत आण्णांनी पारावर सांगितलं, आणि जेवताना तुला. तू म्हणालास, “मंग वर लावू.” मी तुझ्या ताटात भाकरी वाढत होते.

अंड्यांचं पुढं काय झालं ते विचारू नकोस, त्यानं तुझ्या टोमॅटोला काही फरक पडत नाही.

पण हे मात्र ऐक. अंडी सखल जागी, म्हणजे पाऊस कमी. पाऊस कमीच झाला. आण्णा चुकले नव्हते आणि पाखरूही चुकलं नव्हतं. ती अंडी त्यांनी खाली बघितली असती तर तुला म्हणाले असते, खालीच लाव, विहिरीवर भरवसा ठेव. जुलैत तूही पेढे वाटले असतेस. तुझं वावर टिटवीनं खाल्लं नाही, मी खाल्लं. वर आठ महिने तुला पत्रं लिहून, निरोप धाडून, बापाला दुखावलंस म्हणून तुझ्याच नावानं बोटं मोडली. भाऊबीजेला उपाशी बसले होते ते तरी तुझ्यासाठी बसले होते का, मला आता सांगता येत नाही.

मला आण्णांना सांगता येत नाही. तू ये. तू समोर असलास तर मला पळायला जागा उरणार नाही.

वृषाली


११ एप्रिल

दादा,

पाडव्याला तू आलास. तुझ्या मोटारसायकलचा आवाज ऐकून आण्णा पडवीतून उठले, टोपी शोधायला लागले, आणि ती डोक्यावरच होती. तू पाया पडलास. माझ्याकडे बघितलं नाहीस, ते साहजिक आहे. “सांग तेंला,” एवढंच म्हणालास, आणि चौकटीला टेकून उभा राहिलास, मी पळून जाऊ नये अशा बेतानं.

मी काय सांगितलं ते तू ऐकलंस. त्यांनी किती शांतपणे ऐकलं तेही बघितलंस. एकच प्रश्न विचारला, “खळगा कुटल्या अंगाला व्हता?” मी म्हटलं, ओढ्याच्या. “मंजी खाली.” “हो, खाली.” मग त्यांनी असा श्वास सोडला जसा हमाल पोतं उतरवल्यावर सोडतो. “मंजी पाखरू बरुबर व्हतं,” म्हणाले. काठी घेतली आणि आठ महिन्यांनी पाराकडे निघाले. तू त्यांच्या मागं गेलास. मी पुरण वाटत बसले.

पारावर पंचांग वाचायला सगळं गाव जमलेलं. तिथं ते काय बोलले हे तू मला सांगितलं नाहीस. सोपाननं सांगितलं, मान खाली घालून, कारण त्यालासुद्धा माझ्या तोंडावर सांगायला जड गेलं. “आण्णा म्हनले, टिटवीला खोटी म्हनू नका. ती खरी व्हती. खोटं आमच्या घरातलं हाय.”

मी समजू शकते. पाखराची अब्रू आधी वाचवायला हवी होती, माझी नंतर, किंवा कधीच नाही. आता पाण्याला गेले की बायका बोलायच्या थांबतात. परवापासून मला कोणी ‘फोटोवाली ताई’ म्हणत नाही.

तुम्ही बाप-लेक एका पंगतीला बसलात. तू त्यांच्या पानावर तूप वाढलंस. मला ‘तू पण बस’ असं कोणी म्हटलं नाही आणि मीही बसले नाही. संध्याकाळी तू खाट उचलून पुढच्या ओट्यावर आणून ठेवलीस आणि मंचरला गेलास. येत्या महिन्यात बिऱ्हाड परत आणणार असं वहिनीनं सोपानच्या हाती कळवलं. बरं झालं. माझा नंबर अजून ब्लॉकच आहे, म्हणून हेही कागदावर लिहिते आहे. यापुढं लिहायला काही उरलेलं नाही, त्यामुळं हे मात्र वाच, टाकून देऊ नकोस.

पाडव्यापासून आण्णा माझ्याशी बोलले नव्हते. वाढलेलं खात होते, ताट सरकवत होते. आज सकाळी मी चहा ठेवला आणि वळले, तर मागून म्हणाले, “वृषाले.”

“काय आण्णा?”

“पिल्लं निगाली का?”

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही.

“अंडी बांदावर ठेवलीस. मी तिकडं गेलो न्हाई, पाखराला तरास नगं म्हनून. मंग तू परत खाली ठेवलीस न्हवं? निगाली का पिल्लं?”

दादा, पार, टोमॅटो, तू, मी, त्यांची वेधशाळा, हे सगळं होऊन गेल्यावर त्यांना हे विचारायचं होतं. तीन दिवस तेच मनात घेऊन बसले असणार. कोणीही हे विचारलं नव्हतं, तूसुद्धा नाही.

मी म्हटलं, “निघाली. चारही.”

ते बघत राहिले, म्हणून मी पुढं बोलत गेले. म्हटलं, त्याच रात्री परत खळग्यात ठेवली, सकाळी टिटवी बसलेली होती. वीसेक दिवसांनी पिल्लं बाहेर आली. अंगावर मातीच्या रंगाची लव, पाय काडीसारखे लांब, जन्मल्या जन्मल्या धावायला लागली. एक सगळ्यात मागं राहायचं, ढेकळाला अडखळायचं. टिटवी पुढं जाऊन हाक मारायची, तेव्हा ते जागच्या जागी दबकून बसायचं, आणि मग अचानक सुटायचं. एकदा घार आली तर चारही अशी चिकटली जमिनीला, की मला समोर असून दिसेनात.

आण्णा हसले. वर्षभरात पहिल्यांदा. “दिसत न्हाईतच ती,” म्हणाले. “मागं ऱ्हानारं एक आसतंच.” चहा प्यायले. मग म्हणाले, “त्येंचं चित्र काढ की. पुस्तकात त्येच घाल वरती, त्यो फोटू नगं.”

आता खरं तुला सांगते, कारण कुणाला तरी माहीत असायला हवं. अंडी मी परत ठेवली नाहीत. आण्णांनी पारावर सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी निम्मं गाव लांबून ती बघायला आलं. खाली ठेवली असती तर लबाडी उघडी पडली असती. टिटवी दोन दिवस खाली त्या रिकाम्या खळग्यात बसून होती, दादा. अंडी वर दगडावर तापत होती आणि ती खाली खड्यांवर बसली होती. तिसऱ्या दिवशी अंड्यांना मुंगळे लागले. चौथ्या दिवशी ती उडून गेली, आणि मी कोणी नसताना जाऊन सगळं मातीत पुरलं.

फोटो मागे घेत असल्याचं मी प्रकाशकांना फोनवर सांगितलंय. ते चिडले, मग म्हणाले दुसरं काय देताय. दुपारपासून मी चित्राला बसले आहे. चार पिल्लं, त्यातलं एक मागं. एवढा सरळ हात माझा पूर्वी कधीच चालला नव्हता, एक रेघ खोडावी लागली नाही. आण्णा दोनदा येऊन मागं उभे राहून बघून गेले, आणि जाताना दुसऱ्यांदा माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तू बिऱ्हाड घेऊन आलास की ते तुला हे चित्र दाखवतील आणि पिल्लांची सगळी हकिकत सांगतील. तेव्हा तू फक्त ‘छान आहे’ म्हण.

वृषाली